श्रीमती कपिल यांचा थायरॉईड

हे मी लिहणारच नोतो. दोन बाऱ्या टाईप केलं अन दोन्ही बाऱ्या उडवून टाकलं. पयल्या बारीले वाटलं का लोकं हासतीन. दुसऱ्या बारीले वाटलं का हासतीन त हासतीन, पण आई वाचीन. आता तिसऱ्या बारीले ठरवलं, ज्याले हासाचं त्यानं बसून हासावं. पांढरकवड्यात माह्याबद्दल जे बोलून झालं, त्याच्यापुढं हे काहीच नाही.

मले थायरॉईड आहे. घ्या, लिहलं. सव्वीस वर्साचा आहो, मिशी आहे, बुलेट चालवतो (भावाची आहे, पण चालवतो त मीच), अन मले थायरॉईड आहे.

तुम्ही म्हणसान, त्यात काय एवढं? तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही म्हून म्हणता. आमच्या गल्लीत रोगाची वाटणी ठरलेली आहे. शुगर, बीपी अन मूळव्याध माणसाचे. थायरॉईड अन कंबर बायकांचे. मुतखडा दोघायलेही चालते. या वाटणीत कोणी इकडचं तिकडं केलं नाही आजपर्यंत. मी केलं.

माहं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, बस स्टँडच्या मांगच्या बाजूले. कोर्स-बिर्स काही केला नाही. भंगारातले मोबाईल उघडू उघडू अन व्हिडिओ पाहू पाहू शिकलो. मोबाईलच्या बोर्डावर तिळाहून बारीक पार्ट असते. तो गरम हवेनं सोडवाचा, चिमट्यानं उचलाचा, अन त्याच जागी दुसरा बसवाचा. जागा डोळा लागते अन थांबलेला हात लागते. डिगरी माह्याजवळ नाही, गाळा भाड्याचा आहे, बुलेटचं त सांगतलंच. हात तेवढा माहा स्वतःचा होता. त्याच्यावरच घर चालते.

तर पयले डोळा गेला. म्हणजे मले झोपच येत राहे. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, अन दुपारी मी काउंटरवर हनवटी ठेवून जो झोपो तो गिऱ्हाईक येऊन, उभं राहून, जाऊनही राहे. बाजूचा झेरॉक्सवाला बाबूसिंग, माहा दोस्त, तो सगळ्यायले सांगे, "उठवू नका हो, मालक एरोप्लेन मोडवर आहे."

आमच्या चौकातल्या डॉक्टरकडे गेलतो. ते ताप, विंचू अन भरतीचं सर्टिफिकेट सगळंच पाहतात. रक्ताचा रिपोर्ट पाहून म्हणाले, "अरे, हा त थायरॉईड. घरी कोणाले आहे, आईले का?"

"मलेच आहे सर."

"हो, पण मूळचा कोणाचा?"

जसा काही मी कोणाचा ढापून आणला.

त्यायनं पन्नासची गोळी देली. रोज सकाळी उपाशीपोटी, पाण्यासंग, चहाच्या आधी. मेडिकलवाल्यानं बाटली हातात देता देता विचारलं, "भाभीसाठी का?" मी "हो" म्हणालो. लग्न झालं नाही अजून. पण "हो" म्हणालो.

घरी येऊन आईले सांगतलं, "हे पाह्य आई, कोणाले सांगजो नको. बिलकुल नाही."

"नाही सांगत," आई म्हणे. अन तिनं नाहीच सांगतलं. माही आई शब्दाची पक्की आहे. सगळा घोळ तिथूनच झाला.

(थांबा, गिऱ्हाईक आलं.)

हां. कव्हर पाहिजे होतं. दाखवले तितके पाह्यले अन "येतो" म्हणून गेला. तर मी कुठी होतो? गोळी.

बाटली सयपाकघरात राहे. सकाळी मी डोळे उघडले का आई हातावर गोळी ठेवे, वरून पाणी. मी तीर्थ घेतल्यासारखा घेऊन टाको. सहा हप्त्यानं रिपोर्ट काढला. यात एक उलटं गणित आहे, ते समजून घ्या: रिपोर्टातला आकडा वर गेला म्हणजे गोळी कमी पडून राह्यली, अन आकडा खाली आला म्हणजे गोळी जास्त झाली. माहा आकडा होता तिथून हललाच नोता. डॉक्टर म्हणाले, "पन्नासनं काही होत नाही तुले. शंभर घे."

शंभर सुरू झाली अन महिना-दीड महिन्यात मी असा जागा झालो का विचारू नका. मांजर भिंतीवरून चालली तरी मले ऐकू ये. छाती धडधडे, घाम फुटे, पाच पोळ्या खाऊन सहाव्या पोळीकडे पाहो. अन हात कापाले लागला. चिमट्यात पार्ट धरला का चिमटा भजन म्हणे.

अशात सदाशिवराव आले. एसटीतून रिटायर झालेले, आमच्या गल्लीतले सगळ्यात वजनदार माणूस, बोलण्यानंही. त्यायच्या फोनचं चार्जिंग बंद होतं. मी बोर्डावर गरम हवा मारली, चिमटा लावला, हात हालला, अन बाजूचाही पार्ट उडाला. फोन जो गेला तो गेलाच. सदाशिवराव फोनकडे पाहत नोते. ते माह्या हाताकडे पाहत होते. मंग त्यायनं अलगद पुढं होऊन माह्या तोंडाचा वास घेतला.

"काका, काय करून राह्यले?"

"काही नाही बेटा," ते लय मायेनं म्हणाले, "कवापासून चालू आहे?"

संध्याकाळी सगळ्या गल्लीले ठाऊक होतं का कपिल पितो. हात कापते, डोळे लाल, रात्री लाईट चालू राहते. वास येत नाही म्हणजे भारीतली पितो.

आता माही अडचण समजून घ्या. एक वाक्य बोललो असतो त मोकळा झालो असतो. "काका, दारू नाही, थायरॉईड आहे." पण ते वाक्य तोंडातून निघे ना. बेवडा म्हणून घेणं परवडलं, बेवड्यायले निदान गल्लीत मोठी परंपरा आहे. सदाशिवराव मले रोज सकाळी दुकानात येऊन गरम पाण्यात लिंबू पिळून पाजत. "मी पण सोडली रे," म्हणत. "पयले चार दिवस जड जातात." मी मुकाट्यानं लिंबू पेलो. कोणी न पेलेली दारू सोडवली असीन त ती सदाशिवरावनं.

पण काम बंद पडलं. बोर्डाचं काम माह्याकडे यायचं थांबलं. एका बाईनं त फोन काउंटरवर ठेवला, माह्या हाताकडे पाह्यलं, अन फोन उचलून घेऊन गेली. त्या दिवशी मले पयल्यांदा भेव वाटला. माणूस नावानं बदनाम झाला त चालते, हातानं बदनाम झाला त खाईन काय?

म्हून वणीच्या डॉक्टरकडे गेलो, मोठे आहेत म्हणतात. पयले रक्त द्या, म्हणाले. खाली लॅब होती. तिथी थायरॉईड फक्त "महिला आरोग्य" पॅकेजमध्ये निघत होता. कॉम्प्युटरवाल्या पोरीनं नाव विचारलं, वय विचारलं, मंग तिचं बोट थांबलं.

"गरोदर आहे का?"

"कोण?"

"पेशंट."

"पेशंट मी आहो."

"ते दिसते मले. पण इथी हो का नाही टाकाच लागते, नाहीत मशीन पुढं सरकत नाही."

"मंग नाही टाका."

"नक्की ना?" तिनं विचारलं. मांगच्या लायनीतल्या दोन बाया पुढं वाकल्या. उत्तर त्यायलेही पाहिजे होतं.

रिपोर्ट आला. वर लिहलं होतं: श्रीमती कपिल. मी म्हणालो, दुरुस्त करा. ती म्हणे, दुरुस्तीसाठी पेशंटनं आधार कार्ड घेऊन अर्ज द्या लागते, अन ज्यायच्या सहीनं ते होते ते सर सोमवारी येतात. मी म्हणालो, राहू द्या, श्रीमती त श्रीमती.

वणीच्या डॉक्टरनं रिपोर्ट पाह्यला अन पेनच खाली ठेवला. "शंभर? कोणी दिली? आकडा पार तळाला गेलाय. मारायचं होतं का तुम्हाला?" गोळी सरळ पंचवीसवर आणली.

परत झोप. परत सूज. चौकातल्या डॉक्टरकडे गेलो त ते पंचवीस ऐकून खुर्चीतच मांगं रेलले. "ही त लेकराची गोळी आहे. वणीवाले कोळशाच्या खाणीतले डॉक्टर, त्यायले काय समजते? पंच्याहत्तर घे." वणीले फोन केला त तिथून म्हणाले, "त्यांना विचारूनच घ्यायची तर माझ्याकडे कशाला आलात?" दोघं एकामेकाले कधी भेटले नसतीन, पण भांडण लय जुनं असल्यासारखं करत होते, अन मधात मी, गोळीच्या पाकिटासारखा.

घरचे सल्ले वेगळेच. ते मले आईमार्फत येत. "म्हणतात का चतुर्थीले गोळी घेऊ नाही, उपास मोडते." "म्हणतात का उन्हाळ्यात अर्धीच घ्यावी, गरम पडते." "म्हणतात का सोयाबीनच्या वड्या खाल्ल्या तर गोळी लागत नाही." मी विचारो, कोण म्हणते? आई म्हणे, "लोकं." माह्या रोगाचं कोणाले ठाऊक नाही, मंग लोकं म्हणते कसे, हा प्रश्न मले काहून पडला नाही? पडला असता, पण एक तर मी झोपलेला राहो, नाहीत कापत राहो. विचार करासाठी मधली जागाच मिळाली नाही.

शेवटी यवतमाळले गेलो, भैरवी मॅडमकडे. हार्मोनच्याच डॉक्टर आहेत. त्यायनं माहे सगळे रिपोर्ट टेबलावर पत्त्यासारखे मांडले.

"हे तीन वेगळे पेशंट आहेत का?"

"नाही मॅडम. मीच आहो."

"आणि श्रीमती कपिल?"

"तेही मीच."

त्या हासल्या नाहीत. मोठं मन आहे बाईचं. म्हणाल्या, "दोन्ही डॉक्टरांनी समोरच्या रिपोर्टवरून डोस दिलाय, भलतंच काही केलेलं नाही. पण पन्नासवर आकडा हलत नाही आणि शंभरवर तळाला जातो, इतका हेलकावा तुमच्या वजनाला बसत नाही. मला सांगा, कागदावर लिहिलेली गोळीच तुमच्या पोटात जाते का?"

मले राग आला. "मॅडम, माही आई हातावर ठेवते गोळी. आईवर शक घेऊ का आता?"

"शंका नका घेऊ," त्या म्हणाल्या. "बाटली बघा फक्त."

एसटीत पूर्ण रस्ताभर मी मनातल्या मनात मॅडमशी भांडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून आंग टाकूनच होतो, त सयपाकघराच्या दारात आवाज आला. समोरच्या हंसाबाई होत्या. हातात कटोरी, वर ताटली झाकलेली.

"घ्या विमलताई. परवा नेलत्या तुमच्या गोळ्या."

"राहू देल्या असत्या ना माय," आई म्हणे, "एवढी काय घाई होती?"

"नाही बाई, उसनं ठेवू नाही घरात. अन हे पाहा, तुमच्या पंच्याहत्तरच्या होत्या, मी सव्वाशेच्या आणल्या. सपाट वाटी नेली त शीग लावून द्यावी, अशी आपली रीत आहे."

"लय केलं बाई तुम्ही," आई म्हणे, अन कटोरी बाटलीत ओतली.

मी उठलो तसाच गेलो, बनियानवर. बाटली ओट्यावर उलटी केली. सगळ्या गोळ्या पांढऱ्या, सगळ्या बारीक, एकीवर एक. कोणती कोणाच्या घरून आली, देवाले ठाऊक. आमच्या गल्लीत साखर, चहापत्ती, विरजण, मिक्सरचं भांडं, सगळं उसनं फिरते. थायरॉईड पण फिरत होता. कोणाची बाटली संपली, मेडिकल बंद आहे, यवतमाळले जाणं व्हाचं आहे, म्हणजे विमलताईकडे जा.

"आई, हे काय आहे?"

"काय काय आहे? तूच म्हणे ना, कोणाले सांगजो नको? शेजारच्या मथुराबाईले बाटली दिसली. मंग मी काय सांगू? माही आहे म्हणून सांगतलं. त्या म्हणाल्या, अगं बाई, मलेही आहे, दोन देता का. आता स्वतःले थायरॉईड आहे म्हणून सांगावं अन थायरॉईडवाल्या बाईले गोळी नाही म्हणावं? कोणत्या तोंडानं?"

"अन त्यायनं परत काय देल्या?"

"त्यायच्या पंचवीसच्या होत्या. पन्नासची एक नेली, पंचवीसच्या दोन आणल्या. हिशेबाची बाई आहे."

"मंग मले दोन द्याच्या ना!"

"दोन कशा देईन? डॉक्टरनं एक सांगतली," आई म्हणे. असं म्हणे का जसं चूक माहीच आहे.

अन खरं सांगू, गणित बरोबर होतं. मथुराबाईनं इमानदारीनं अर्ध्या ताकदीच्या देल्या म्हून माही झोप पयले हटलीच नाही. हंसाबाईनं मोठ्या मनानं शीग लावली म्हून माहा हात कापला. दोन डॉक्टरचं भांडण लागलं, सदाशिवरावचा फोन गेला, मी लिंबू पेलो. कोणीच वाईट वागलं नाही. सगळे चांगलेच वागले, अन चांगुलपणानं मले मारून टाकलं.

मी हंसाबाईकडे वळलो अन वरडलो, "त्या गोळ्या माह्या आहेत! आईच्या नाही! मले आहे थायरॉईड!"

हंसाबाईनं मिशीपासून पायापर्यंत पाह्यलं. "तुले?" त्या म्हणाल्या. "देवा रे." अन पदर सावरून, कटोरी तिथंच ठेवून, अशा पळाल्या का गुडघ्याचा त्रास आहे हे त्यायनं मले नंतर कधीच सांगू नाही.

पोहे खाऊन होईपर्यंत बातमी पलटली. दुपारी चौकात माह्या कानानं ऐकलं: "दारू नाही म्हणे बिचाऱ्याले, थायरॉईड आहे." "अरेरे. दारू असती त सुटली असती."

मॅडमले फोन केला. सगळं सांगतलं. मॅडम म्हणाल्या, "ती बाटली फेकून द्या. नवीन घ्या, पंच्याहत्तरची. रोज एक, चतुर्थी असो की दिवाळी. सहा आठवड्यांनी रक्त तपासू. मधे कोणाचंही ऐकायचं नाही."

"अन हात?"

"जास्तीच्या गोळीमुळे असेल तर थांबेल. पण आज उद्या नाही."

नवीन बाटली मी दुकानात ठेवतो, जुन्या बॅटऱ्यायच्या ड्रॉवरमध्ये, कुलूप लावून. आई रुसली. गल्लीतल्या बाया दोन दिवस आमच्या दारावरून मुकाट्यानं गेल्या, अन आईले वाटलं का आपली इज्जत गेली. मी म्हणालो, आई, इज्जत माही गेली आहे, तुही उसनी होती. ती अजूनच रुसली.

अन त्या रुसव्यात मले एकदम राग आला. कोणाचा, ते माहीत नाही. मी कायले लपत होतो? चोरी केली का? हंसाबाई कटोरी घेऊन ऐन सकाळी थायरॉईड वाटत फिरते, ते चालते, अन मी बाटली लपवतो? बसलो, एक कागद टाईप केला अन बाबूसिंगले पाठवला, मोठ्या अक्षरात प्रिंट मार म्हणून. तो असा होता:

"मालकाला थायरॉईड आहे. मालक दारू पीत नाही. हात थांबेपर्यंत बोर्डाचं काम बंद. कव्हर, ग्लास, रिचार्ज चालू. सल्ला देऊ नये."

बाबूसिंगनं प्रिंट काढली. वाचली असीन, मशीनमधून त्याच्या डोळ्यासमोरच निघाली. लॅमिनेशन करून देलं, पैसे नाही घेतले, अन शटरवर चिकटवून निघून गेला. मंग तो मले बोलेच ना.

शटरवरच्या कागदाचा परिणाम असा झाला का शेवटची ओळ कोणीच पाळली नाही. सदाशिवराव आले, पूर्ण वाचलं, चष्मा काढून परत वाचलं. मी म्हणालो, "काका, आता लिंबू नको." ते म्हणाले, "थायरॉईडलेही चालते." मंग हळूच काउंटरवर वाकले. "मिशीवर काही परिणाम होते का रे?" मी म्हणालो, पाहा ना, समोरच आहे. ते पाहत राह्यले. दुसऱ्या दिवशी एक ट्रकवाला आला, ग्लास घ्याचा नोता त्याले, उगाच ग्लास पाहत होता. बाकीचे गेल्यावर म्हणे, "भाऊ, हे माणसाले होते का खरंच? मले लय झोप येते गाडीवर." मी त्याले मॅडमचा पत्ता लिहून देला. गोळी नाही देली. मागत होता.

चौथा हप्ता चालू आहे. रोज सकाळी दुकान उघडलं का मी चिमट्यात एक तीळ धरतो अन उचलून दुसरीकडे ठेवतो. परवा पडला. काल पोचला. आज परत पडला. पाहू.

आज दुपारी बाबूसिंग येऊन बसला. माहे तीळ पाहत होता.

"बोल ना बे," मी म्हणालो.

"काय बोलू? तुह्या दुकानात सल्ला देऊ नये."

"सल्ला नको देऊ. बोल."

"सदाशिवराव तुले बेवडा म्हणे तवा मी भांडलो त्यायच्याशी, भर चौकात. सेवालाल महाराजाची शपथ खाल्ली, का माहा दोस्त पीत नाही. अन घरी जाऊन रात्रभर डोळा लागला नाही, का खोटी शपथ त नाही खाल्ली मी? तुहा हात कापताना मी माह्या डोळ्यानं पाहत होतो, भिया." तो बंजारा तांड्यावरचा आहे, लय दुखलं का भावाले 'भिया' म्हणते, नाहीत माह्याशी 'बे'च राहते. "अन तुहा रोग मले कोणी सांगतला? माह्याच प्रिंटरनं."

आईपुढं बोललो, हंसाबाईपुढं वरडलो, गावापुढं कागद लावला, अन याले सांगाचंच राह्यलं. सगळ्यात पयले याले सांगतलं असतं त लपवाचं काही राह्यलंच नसतं, आईले खोटं बोला लागलं नसतं, बाटली फिरली नसती, अन मी आज तीळ उचलत बसलो नसतो.

"बाबू," मी म्हणालो, "यापुढं मले जो रोग होईन, माणसाचा का बाईचा का ढोराचा, तो पयले तुले सांगीन. डॉक्टरले मंग."